रविवारची हवा

सुवर्णा गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात आमची मुलगी पूर्वा पुण्याहून घरी आली. जेवताना मी तिला दवाखान्यातली एक गंमत सांगितली. दोन सख्ख्या भावांच्या कवळ्यांची घरात अदलाबदल झाली. दोघेही आठवडाभर एकमेकांची कवळी लावून फिरले आणि मग डॉक्टरांनी माप चुकवलं म्हणून भांडायला आले. सांगता सांगता मला इतकं हसू आलं की ठसका लागला.

पूर्वाचा घास हातातच राहिला.

"बाबा, आज आईची तारीख आहे."

"माहीत आहे की. सकाळी हार घातला फोटोला."

"माहीत आहे?" ती माझ्याकडे बघत राहिली. "मग हसता कसे हो तुम्ही?"

मी काही विसरलो नव्हतो. सुवर्णाच्या पोटात पाणी भरत गेलं ते, डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं ते, शेवटच्या दुपारी तिनं माझं मनगट धरलं ते, सगळं आठवत होतं. पण ते कुठे लागत नव्हतं. दाताचं इंजेक्शन दिल्यावर आपण ओठाला बोट लावतो, ओठ असतो, बोट असतं, पण स्पर्श नसतो, तसं.

पूर्वा दुसऱ्या दिवशीच परत गेली. जाताना म्हणाली, "तुम्ही ठीक आहात हे बघून बरं वाटायला हवं मला. वाटत नाही." मी तिला स्टँडवर सोडलं आणि तसाच कामावर गेलो. दिवस छान गेला.

मी मिरजेत डॉक्टर गौरी मगदूम यांच्या दाताच्या दवाखान्यात सहायक आहे. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून. पेशंटच्या तोंडातलं पाणी ओढून घ्यायचं, हत्यारं निर्जंतुक करायची, सिमेंट कालवायचं, आणि माणूस घाबरला तर त्याचा हात धरायचा. हे शेवटचं काम सगळ्यात मोठं होतं. जानेवारीत 'अभया' आली आणि ते काम संपलं.

अभया हा वायू आहे. कंपनीच्या इंजिनिअरनं आम्हाला समोर बसवून समजावलं होतं. दुखणं वेगळं आणि भीती वेगळी. दुखू नये म्हणून हिरडीत इंजेक्शन असतंच, पण लोक त्या सुईलाच घाबरतात, लहानपणी खाल्लेल्या एका सुईची आठवण म्हातारपणापर्यंत बाळगतात. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो. तो आठवणींना धार लावतो. अभया नाकावाटे गेली की तो भाग काही वेळ गप्प बसतो. माणूस जागा असतो, बोलतो, त्याला सगळं आठवतं, पण आठवणीची धार गेलेली असते.

"मग दाताच्या दवाखान्यातच कशाला?" डॉक्टर मॅडम हसून म्हणाल्या होत्या. "सगळ्या गावालाच द्या की."

"नाही ना देता येत," इंजिनिअर म्हणाला. हा वायू शरीरातल्या चरबीत मुरतो. पेशंटला अर्धा तास मिळाला तर संध्याकाळपर्यंत निघून जातो. पण त्या खोलीत रोज राबणाऱ्यानं थोडा थोडा श्वासात घेतला तर रात्रभर उतरत नाही, आणि सकाळी पुन्हा चढतो. म्हणून पेशंटच्या नाकावरच्या मुखवट्याला दोन नळ्या. एकीतून वायू येतो, दुसरी त्याचा उच्छ्वास ओढून भिंतीबाहेर टाकते. ती बाहेरची नळी घट्ट पाहिजे. दर शनिवारी तिच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बघायचं, घरी सिलिंडर बदलल्यावर बघतात तसंच. शिवाय प्रत्येकानं ॲप्रनला एक पांढरा बिल्ला लावायचा. तो गुलाबी झाला तर काम बंद. आणि दिवस गेलेल्या बाईनं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

तेव्हा निलोफर माझ्या शेजारी बसली होती. निलोफर मुजावर, दवाखान्यातली दुसरी सहायक. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, नवरा ट्रकवर, त्यामुळे ती आईकडेच राहायची. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काका, एवढी कटकट असेल तर आपली भीतीच बरी की ओ."

पहिल्या शनिवारी मी फेस लावला. खुर्चीमागच्या सांध्याला बुडबुडे आले. माझा बिल्लाही कडेनं गुलाबी दिसत होता.

त्या आठवड्यात मी रडलो नव्हतो. सुवर्णा गेल्यापासूनचा असा पहिला आठवडा. मी रोज उठलो, आंघोळ केली, डबा भरला, जेवलो. चवीनं जेवलो. मला वाटलं होतं, काळ जातोय, माणूस सावरतो. आता बुडबुड्यांकडे बघताना कळलं की काळबिळ काही नव्हतं.

मी फडक्यानं बुडबुडे पुसून टाकले.

बिल्ल्यांचं काम माझ्याकडेच होतं. आमच्या तिघांचे जुने फेकून नवे तीन बिल्ले काढले आणि मागच्या खोलीत खिडकीच्या खिळ्याला अडकवले. तिथं बाहेरचा वारा येतो. निलोफरनं विचारलं, तेव्हा तिला सांगितलं, "ॲप्रनवर औषधं उडतात, बिल्ला खराब होतो. इथंच राहू दे." तिनं मान डोलावली. ती माझं ऐकायची. काम मीच शिकवलं होतं तिला. मॅडमनाही तेच कारण पटलं.

रविवारी दवाखाना बंद. पहिल्या रविवारी दुपारपर्यंत सुवर्णा परत आली, सगळी धार घेऊन. मी स्वयंपाकघरात फरशीवर बसून राहिलो. पुढच्या रविवारी मी किल्ली घेऊन दवाखान्यात गेलो. साफसफाईला म्हणून. यंत्र सुरू केलं नाही, पण खुर्चीच्या गादीत, पडद्यात तो वायू मुरलेला असतो. तासभर त्या खुर्चीत पडून राहिलो आणि घरी येऊन झोपलो. मग दर रविवारीच जाऊ लागलो.

एवढं करताना मला काही वाटत कसं नव्हतं, हे विचारू नका. वाटायला जे लागतं तेच मी बंद केलं होतं.

मे महिन्यात भैरू पैलवान आला. तालमीत पोरांना शिकवणारा माणूस, मान माझ्या मांडीएवढी. खालची दाढ किडून हिरडीत रुतली होती. बरोबर त्याची बायको मालनवहिनी.

"ह्यांना धरून ठेवा ओ," ती म्हणाली. "समोरचा गडी चितपट करतील, पण सुई बघितली की पळत्यात."

"गप गं," पैलवान म्हणाला. "डॉक्टर, ते हवा देऊन करता म्हणं तुमी. तेच द्या. जास्त द्या."

"जास्त नाही, पुरेशी देते," मॅडम म्हणाल्या. "सकाळपासून काही घेतलंय? गोळी? आणखी काही?"

"छ्या! शपथ."

मालनवहिनी बाहेर बाकावर बसली. आम्ही त्याला आडवं केलं, मुखवटा चढवला, बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. पैलवानाचा चेहरा सैल झाला. इंजेक्शन कधी दिलं ते त्याला कळलंसुद्धा नाही. मॅडम दाढेची मुळं सुटी करू लागल्या. मी पाणी ओढत होतो, निलोफर हत्यारं देत होती.

पडद्यावरचा आकडा शहाण्णव होता. थोड्या वेळानं एक्क्याण्णव झाला. पैलवान घोरायला लागला. मग घोरणं थांबलं, छाती मात्र वरखाली होत होती. सत्त्याऐंशी. यंत्र टुकटुक करू लागलं.

मला ते ऐकू येत होतं. काय होतंय हेही मला माहीत होतं. जाड मानेचा माणूस उताणा पडला की जीभ मागे पडून श्वासाची वाट बंद होते. छाती हलते, पण हवा आत जात नाही. काय करायचं तेही माहीत होतं, दर सहा महिन्यांनी आम्ही त्याचा सराव करायचो. मी आकड्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बघू, वाढेल. मॅडमनी एकदा मान वर करून बघितलं, म्हणाल्या, "एक मूळ राहिलंय," आणि पुन्हा वाकल्या. निलोफर म्हणाली, "एकोणऐंशी झाला." भाजीचा भाव सांगावा तशी.

आम्ही तिघं तिथं होतो. तिघांनाही कळत होतं.

दार धाडकन उघडलं. यंत्राचं टुकटुकणं ऐकून मालनवहिनी आत आली होती.

"आवं निळं पडलंय की त्येंचं त्वांड!" ती किंचाळली. "मारताय काय माझ्या मालकाला? आवं बघताय काय!"

तिनं माझ्या पाठीत बुक्की घातली. खरोखर घातली. त्या बुक्कीनं माझे हात हलले. मन नाही, हातच. मी अभया बंद केली, खुर्चीच्या डोक्याकडे गेलो आणि पैलवानाचा जबडा दोन्ही हातांनी धरून पुढे ओढला. निलोफरनं शुद्ध प्राणवायू सुरू केला. मॅडमनी तोंडातलं कापूस-रक्त ओढून काढलं आणि ओरडल्या, "एकशेआठला फोन करा!" घशात घर्र आवाज झाला आणि एवढा मोठा श्वास आत गेला. आकडा हळूहळू चढला. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा पैलवान डोळे उघडून विचारत होता, "निघाली का दाढ?"

नंतर कळलं. भीतीपोटी त्यानं सकाळी आईच्या झोपेच्या दोन गोळ्या घेतल्या होत्या, वर क्वार्टरमधला घोट. मॅडम म्हणाल्या, "बघा, लोक खोटं बोलतात आणि आपल्यावर येतं." त्या दुपारी आम्ही नेहमीसारखा चहा घेतला. निलोफरनं मालनवहिनीच्या ओरडण्याची नक्कल केली, आणि आम्ही हसलो.

दोन दिवसांनी मालनवहिनी पेढे घेऊन आली. मला काही कळायच्या आत वाकून माझ्या पायाला हात लावला. "दादा, तुमी त्यो जबडा धरला म्हणून माझं कुंकू राह्यलं. त्या दिशी मारलं तुमाला, राग धरू नका."

मी पेढा खाल्ला. गोड होता. मला लाज वाटायला हवी, एवढं मला कळत होतं. गणित समोर मांडलेलं असावं आणि उत्तर येऊ नये, तसं मी आत शोधत राहिलो.

त्याच संध्याकाळी हत्यारं धुताना निलोफर हळूच म्हणाली, "काका, कुणाला सांगू नका. मला दिवस गेलेत. तिसरा लागेल आता."

माझा हात नळाखाली तसाच राहिला. "मॅडमना सांगितलंस?"

"तीन महिने होईपर्यंत सांगत नाहीत ओ कुणाला. तुम्हाला म्हणून सांगितलं. आणि बिल्ला पांढराच आहे की. मी रोज बघते खिडकीत." ती चिमटे पुसत बोलत होती. "मार्चमध्ये पण राहिलं होतं. गेलं ते. तेव्हा दोन दिवस रजा घेतली होती ना मी, पोट बिघडलं म्हणून, ते तेच. पण काका, मला त्याचं काहीच वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी कामावर आले, गाणं म्हणत होते. अम्मी म्हणाली, दगड झालीस का? रविवारी तेवढं कसंतरी होतं. सोमवारी इथं आलं की बरं."

मी ऐकून घेतलं. शब्द न् शब्द कळला. आणि आत काही हललं नाही. जे ऐकून माणसानं भिंतीवर डोकं आपटावं ते मी ऐकलं, नळ बंद केला आणि म्हणालो, "उद्यापासून तू बाहेर रिसेप्शनवर बस. कंबर दुखते म्हणून सांग." तेवढंच सुचलं मला. नळी घट्ट करून घ्यावी, मॅडमना सांगावं, हेही डोक्यात आलं. मग वाटलं, बघू. आकडा वाढेल असं वाटलं होतं, अगदी तसंच.

तेव्हा मला स्वतःची भीती वाटली नाही, पण एक हिशेब कळला. या खोलीत उभा राहून मी कधीच सांगणार नाही. घरी काहीतरी ठरवीन आणि इथं आल्यावर अकरा वाजेपर्यंत ते विरघळून जाईल. सांगायचं तर रविवारीच.

रविवारी मी दवाखान्याची किल्ली खिशात घातली आणि निघालो. दुपार झाली होती आणि छातीत सगळं यायला लागलं होतं. आधी सुवर्णा आली. मग पैलवानाचे निळे ओठ. मग मार्चमधलं ते मूल, ज्याच्याबद्दल त्याच्या आईलाही रडू आलं नव्हतं. लक्ष्मी मार्केटच्या चौकात मी स्कूटर बाजूला घेतली. उजवीकडे दवाखाना, डावीकडे मॅडमचं घर. एक तास त्या खुर्चीत पडलो की संपलं. तेवढ्यात पूर्वाचा फोन आला. ती दर रविवारी करायची, आणि मी तिला विनोद सांगायचो.

"बाबा? बोलत का नाही?"

मला हुंदका आवरला नाही. रस्त्यावर, सगळ्यांसमोर.

"बाबा," ती म्हणाली आणि तीही रडायला लागली. "बाबा, थँक यू." तिला काहीच माहीत नव्हतं. ते आभार मी कुठल्या तोंडानं घेणार? "नंतर बोलतो," म्हटलं, फोन ठेवला आणि डावीकडे वळलो.

डॉक्टर मॅडम घरी एकट्या होत्या. त्यांचा घटस्फोट झाल्याला वर्ष होत आलं होतं. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. दवाखान्यात टवटवीत दिसणारी हीच बाई, यावर विश्वास बसला नसता.

"काका, काही तातडीचं आहे का? नाहीतर उद्या बोलू. रविवारी माझं डोकं चालत नाही."

"उद्या मला काही वाटणार नाही, मॅडम. आणि तुम्हालाही वाटणार नाही. म्हणूनच आज आलोय."

उंबऱ्यात उभा राहूनच सगळं सांगितलं. नळी, फेस, बिल्ले, माझे रविवार. त्या सोफ्यावर बसल्या आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या.

"म्हणून रविवार असे जातात माझे," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, मी कामात रमते." मग म्हणाल्या, "एकोणऐंशी ऐकलं होतं मी. आणि मूळ काढत होते. मी शांत राहिले याचं मला कौतुक वाटलं होतं, काका. म्हटलं, आता अनुभव आला."

मी किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"मी आता तुम्हाला कामावर ठेवू शकत नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग होता. किती दिवसांनी मी कुणाचा तरी राग ऐकत होतो. "उद्यापासून दवाखाना बंद. कंपनीला कळवते, पैलवानाच्या घरीही मला जावं लागेल. लहानपणापासून ओळखते मी तुम्हाला! काही झालं की बाबा म्हणायचे, शशिकांतला विचार. असं कसं केलंत?"

"बरं वाटत होतं, मॅडम."

त्यांनी डोळे मिटले. मी निलोफरचं सांगितलं तेव्हा उघडले, आणि फोन हातात घेतला. "मी कळवते तिला. उद्या सकाळी तपासायला घेऊन जाते."

"तुम्ही घेऊन जा. पण सांगायला मी जातो. आत्ताच."

निलोफर दर्ग्याजवळ राहायची. मला दारात बघून खूश झाली. "अम्मी, काका आलेत कामावरचे! चहा टाक." मला खुर्ची दिली, स्वतः पलंगावर बसली. चेहरा उतरलेला होता. रविवार होता ना.

मी फार फिरवून बोललो नाही. तसं बोलताही येत नाही मला. नळी गळत होती, हे सांगितलं. मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं, हे सांगितलं. बिल्ले खिडकीत का लावले, ते सांगितलं.

ती म्हणाली, "मार्चमधलं त्यामुळं गेलं?"

"माहीत नाही. तसंही जातं कधीकधी. नक्की कुणालाच सांगता येणार नाही. पण तू त्या खोलीत असायला नको होतीस, आणि मी तुला ठेवलं."

तिनं पोटावर हात ठेवला. "आणि हे?"

"माहीत नाही, पोरी. उद्या मॅडम तुला घेऊन जाणार आहेत."

"का ओ काका?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मी काय केलं होतं तुमचं?"

"काही नाही. सुवर्णा आठवायची. तिथं आलं की बरं वाटायचं."

"तुम्हाला बरं वाटायचं," ती म्हणाली. शब्द वजन करून बघावेत तसे तिनं ते म्हटले. मग उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मग आतून रडण्याचा आवाज आला. तसं रडणं मी सुवर्णा गेली त्या दिवशी माझ्याच तोंडून ऐकलं होतं. मार्चपासून अडलेलं होतं ते. दाराबाहेर, दोन पावलांवर माझी स्कूटर होती. मी बसून राहिलो.

तिची आई चहाचा कप घेऊन धावत आली. एकदा बंद दाराकडे, एकदा माझ्याकडे बघू लागली.

"काय झालं हिला? आत्ता तर चांगली होती. काय सांगितलंत तुम्ही तिला?"

त्यांनी दिलेला कप मी खाली ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.